बर्लिनची स्मारकं पायी पाहताना

स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौथरा, त्यावर पुतळा आणि भोवती रेलिंग येतं. हीच अपेक्षा घेऊन बर्लिनला गेलात तर निम्मं शहर पायाखालून निघून जाईल आणि पत्ताही लागणार नाही. इथल्या कित्येक महत्त्वाच्या खुणा जमिनीत आहेत: फुटपाथच्या फरसबंदीत, चौकातल्या काचेखाली, रुळाच्या कडेला. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, फाटक नाही, रांगही नाही. माणसं फसतात ती वेगळ्याच कारणांनी. सोमवारी जातात आणि दार बंद असतं. चुकीच्या झोनचं तिकीट काढतात. राइशटागचं नाव नोंदवायला विसरतात. किंवा एका दिवसात इतकं कोंबतात की संध्याकाळी कुठे काय पाहिलं ते आठवत नाही. शहरातल्या जागांसाठी तीन पूर्ण दिवस ठेवा, झाक्सनहाउझनची छळछावणी पाहायची असेल तर चौथा.

निघण्याआधी घरी बसून

पहिलं काम राइशटागचं, म्हणजे जर्मन संसदेचं. वरच्या काचेच्या घुमटात जायला पैसे लागत नाहीत, पण आधी नोंदणी लागते. ती संसदेच्या म्हणजे बुंडेसटागच्या संकेतस्थळावर होते. सोबतच्या प्रत्येकाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख भरावी लागते. इथे आपल्याकडच्या लोकांची गंमत होते. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, आणि फॉर्म भरताना आपण फक्त स्वतःचं टाकतो. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने भरा. दारावर कागदपत्र आणि यादी ताडून पाहतात. पुष्टीची ईमेल आली की ती फोनमध्ये जपा, शक्यतो छापूनही घ्या. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. झेरॉक्स नको, आधार कार्ड तर नकोच.

उन्हाळ्यातल्या वेळा लवकर भरतात, म्हणून विमानाचं तिकीट झालं की लगेच ही नोंदणी करून टाका. राहून गेली तर इमारतीजवळच्या शाइडेमानश्ट्रासेवर नोंदणीची खिडकी आहे. जागा शिल्लक असेल तर तिथे कमीत कमी दोन तासांनंतरची किंवा पुढच्या एकदोन दिवसांतली वेळ मिळते. त्या खिडकीची रांग मात्र लांब असते. आणखी एक गोष्ट: साफसफाईसाठी घुमट वर्षातून काही वेळा बरेच दिवस बंद ठेवतात. त्या तारखा संकेतस्थळावर आधीच दिलेल्या असतात.

दुसरं काम वार जुळवण्याचं. होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मारकाखालचं माहितीकेंद्र, बर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावरचं बर्लिन भिंतीचं दस्तऐवज केंद्र आणि फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनजवळचा 'ट्रेनेनपालास्ट' (पूर्वीचं सरहद्दीवरचं निरोपाचं दालन, आता संग्रहालय) सोमवारी बंद असतात. 'टोपोग्राफी ऑफ टेरर' हे नाझी दडपशाहीवरचं केंद्र मात्र रोज उघडं असतं. म्हणून सोमवार हाताशी असेल तर तो टोपोग्राफी, राइशटाग आणि उघड्यावरच्या जागांना द्या.

तिसरं कपड्यांचं आणि दागिन्यांचं. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं आणि हात पुढे ताणून नाझी सलाम करणं हा जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे, मग तो गमतीत का केलेला असेना. २०१७ साली राइशटागसमोर असा सलाम करत फोटो काढणाऱ्या दोन पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. आपलं स्वस्तिक वेगळं, त्याचा अर्थ वेगळा, हे खरंच आहे. पण छळछावणीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या गळ्यातल्या पदकाकडे बघून ते कळेल अशी अपेक्षा धरू नये. स्वस्तिकाचं पदक, कीचेन किंवा छापील कापडी पिशवी हॉटेलवर ठेवा.

बूट आधी वापरून सैल झालेलेच घ्या. दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं सहज होतात आणि जुन्या रस्त्यांची दगडी फरसबंदी नव्या बुटांवर दया करत नाही. डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधार पडतो, तर जूनमध्ये रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात उघड्यावरच्या जागा सकाळी उरका.

तिकिटाचं गणित

शहराचे तीन भाडेझोन आहेत: ए, बी आणि सी. या लेखातल्या बहुतेक जागा ए-बीमध्ये बसतात. सीमध्ये येतात विमानतळ, पॉट्सडाम आणि झाक्सनहाउझनसाठीचं ओरानिएनबुर्ग स्टेशन. सगळ्यात जास्त दंड इथेच भरला जातो. विमानतळावरून ए-बीचं तिकीट काढून लोक गाडीत बसतात आणि विनातिकीट ठरतात. विमानतळावरून एबीसीच घ्या. ए-बीचा दिवसाचा पास हातात असेल आणि फक्त एका प्रवासासाठी सीमध्ये जायचं असेल, तर मशीनवर वाढीव झोनचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं. त्याला 'आनश्लुसफारआउसवाइस' म्हणतात. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, मशीनची भाषा इंग्रजी करता येते.

एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्यावर परत फिरता येत नाही. जवळच्या प्रवासाचं 'कुर्त्सश्ट्रेके' त्याहून स्वस्त असतं. त्यावर एस-बान (शहरी लोकल) किंवा यू-बानची (भुयारी मेट्रो) तीन स्टेशनं, नाहीतर बस वा ट्रामचे सहा थांबे जाता येतं. दिवसातून तीन-चारदा चढउतर होणार असेल तर चोवीस तासांचा पास परवडतो.

आता खरी गोम. बर्लिनच्या स्टेशनांवर मेट्रोसारखी अडवणारी फाटकं नाहीत. कागदी तिकीट मशीनमधून बाहेर आलं म्हणजे ते वैध झालं असं नाही, त्यावर शिक्का मारावा लागतो. यू-बानच्या फलाटावर पिवळी आणि एस-बानच्या फलाटावर लाल पेटी असते. तिच्या फटीत तिकिटाची कडा सरकवली की 'टक' असा आवाज येऊन वेळ छापली जाते. मुंबईच्या लोकलची कूपनं ज्यांनी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच केली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिक्का एकदाच आणि गाडीत चढण्याआधी. ट्रामच्या आतल्या मशीनमधून घेतलेल्या तिकिटावर तो आधीच असतो. मोबाइल ॲपवरचं तिकीटही चढण्याआधी घ्यायचं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि गाडी सुटल्यावरच ओळखपत्र काढतात. दंड ६० युरो, आणि 'आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हतं' याचा उपयोग होत नाही.

पत्ता शोधतानाही एक घोळ होतो. जुन्या रस्त्यांवर घरांचे क्रमांक एका बाजूने १, २, ३ असे चढत शेवटपर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात. म्हणजे ८ नंबरच्या समोर ९ नसून २००च्या घरातला आकडाही असू शकतो. कोपऱ्यावरच्या रस्त्याच्या पाटीवर त्या तुकड्यातले क्रमांक बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. आधी ते बघा, मग चालायला लागा.

पहिला दिवस: राइशटाग ते बेबेलप्लाट्झ

सकाळची नऊच्या आसपासची वेळ घ्या. यू-फाइव्हच्या 'बुंडेसटाग' स्टेशनवर उतरा आणि दिलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटं पश्चिमेकडच्या तपासणी कक्षाशी पोहोचा. विमानतळासारखी तपासणी होते. मोठी बॅग नको.

लिफ्ट थेट गच्चीवर सोडते. नॉर्मन फॉस्टर यांनी नव्याने घडवलेली ही इमारत १९९९ साली संसदेसाठी खुली झाली. घुमटाच्या आतून गोल फिरत वर चढणारा उतार आहे, मधोमध आरशांचा शंकू आणि खाली सभागृह. घुमट वरून उघडा आहे, त्यामुळे थंडीत आत जॅकेट काढू नका. श्राव्य मार्गदर्शक फुकट मिळतो. तुम्ही उतारावर चालू लागलात की तो आपोआप बोलायला लागतो आणि समोर दिसणाऱ्या इमारतीची ओळख करून देतो. भरभर चाललात तर त्याची वाक्यं मागे राहतात.

खाली आल्यावर इमारतीच्या समोर, उजव्या कोपऱ्याकडे ओळीने उभ्या केलेल्या काळसर पट्ट्या दिसतील. पर्यटक त्याला सायकल स्टँड समजून पुढे जातात. नाझींनी ज्यांचा जीव घेतला अशा ९६ संसद सदस्यांचं हे स्मारक. प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेवर एक नाव, त्याचा पक्ष आणि मृत्यूची जागा कोरली आहे. वाचायचं तर वाकावं लागतं.

तिथून ब्रांडेनबुर्ग गेटकडे जाताना झाडीतली वाट सोडू नका. वाटेत नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत) समाजाच्या बळींचं स्मारक आहे, २०१२ सालचं, दानी कारावान यांनी घडवलेलं. काळ्याशार पाण्याचं गोल कुंड आणि मधोमध त्रिकोणी दगड, कैद्यांच्या कपड्यांवर शिवल्या जाणाऱ्या त्रिकोणाची आठवण देणारा. त्या दगडावर रोज एक ताजं फूल ठेवतात. ते बदलायचं असलं की दगड पाण्याखाली जातो आणि नवं फूल घेऊन वर येतो.

ब्रांडेनबुर्ग गेट १७८८ ते १७९१ दरम्यान बांधलं गेलं. वरचा चार घोड्यांचा रथ १८०६ साली नेपोलियनने पॅरिसला नेला होता, तो १८१४ साली परत आला. फोटो पूर्वेकडून, पारिझर प्लाट्झवरून काढा, सकाळचं ऊन तोंडावर पडतं. गेटच्या उत्तर बाजूच्या खोलीत 'शांततेची खोली' आहे: कोणताही धर्म, कोणतंही चिन्ह नाही, नुसतं बसायचं. गर्दीला तिचा पत्ताच नसतो. गेटच्या पश्चिमेला रस्त्यात दगडांची एक दुहेरी ओळ दिसेल, ती बर्लिन भिंतीची जागा; १९६१ ते १९८९ ही भिंत कम्युनिस्ट पूर्व बर्लिनला पश्चिम बर्लिनपासून तोडत होती. मध्य शहरात जिथे जिथे ही ओळ रस्ता ओलांडते तिथे तुम्ही पूर्वेतून पश्चिमेत जात असता.

गेटपासून दक्षिणेला तीन-चार मिनिटांवर युरोपातल्या मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक, म्हणजेच होलोकॉस्ट स्मारक आहे. पीटर आयझनमन यांनी रचलेलं, २००५ साली खुलं झालेलं. १९ हजार चौरस मीटरवर काँक्रीटचे २,७११ ठोकळे. ते पाहायची एक पद्धत आहे. रस्त्याकडच्या कडेने आत शिरा. इथे ठोकळे घोट्याएवढे, गुडघ्याएवढे असतात. चार-सहा पावलांत ते कमरेला लागतात, आणखी थोडं आत गेलं की डोक्यावर जातात. ठोकळे उंच होतात आणि खालची जमीनही उतरत जाते, पण ते चटकन लक्षात येत नाही. वाट ९५ सेंटिमीटरची, म्हणजे दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. रस्त्याचा आवाज कमी होतो, बरोबरचा माणूस एका आडव्या फटीत दिसतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो. म्हणून आत जाण्याआधी कुठल्या कोपऱ्यावर भेटायचं ते ठरवा, विशेषतः वयस्कर मंडळी किंवा मुलं बरोबर असतील तर. पावसात फरशी निसरडी होते. चाकाच्या खुर्चीसाठी कमी चढउताराच्या तेरा वाटा खुणा करून ठेवल्या आहेत.

ठोकळ्यांवर उड्या मारणं, आत पळापळ, आरडाओरडा, दारू, धूम्रपान यांना मनाई आहे. ठोकळ्यावर बसून पोज दिलेले फोटो काढणारे रोज दिसतात. त्यांच्याकडे बघून 'चालतं वाटतं' असं समजू नका.

माहितीकेंद्र पूर्वेकडच्या बाजूला जमिनीखाली आहे, प्रवेश फुकट. दीड तास ठेवा. तिथल्या कुटुंबांच्या दालनात पंधरा कुटुंबांचे फोटो आणि कागद आहेत. युद्धाआधीचे लग्नातले, सहलीतले फोटो आणि त्यातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते. चौदा वर्षांखालच्या मुलांना इथे नेऊ नये. स्वच्छतागृहही आहे, आणि ही बारीकसारीक सोय नाही: मध्य बर्लिनमध्ये पैसे न देता स्वच्छतागृह सापडणं कठीण. खिशात ५० सेंट आणि एक युरोची नाणी असू द्या.

जवळच गेर्ट्रूड-कोल्मार-श्ट्रासेवर हिटलरचा बंकर कुठे होता ते सांगणारा फलक आहे. मागे गाड्यांचं पार्किंग आणि राहत्या इमारती. पाहण्यासारखं काही नाही आणि ते मुद्दामच तसं ठेवलं आहे. पाच मिनिटं पुरतात.

दुपारी जेवून विश्रांती घ्या. शाकाहाऱ्यांची इथे आबाळ होत नाही. कोपऱ्यावरच्या डोनरच्या टपरीवर फलाफल किंवा हलुमी चीज भरलेली पोळी मिळते. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. विकत घेतलीत तर प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते.

बेबेलप्लाट्झ मुद्दाम संध्याकाळी ठेवा. १० मे १९३३ रोजी विद्यार्थ्यांनी आणि नाझींनी या चौकात पुस्तकं जाळली. स्मारक मिखा उलमान यांचं, १९९५ सालचं. फरसबंदीत बसवलेली काच आणि तिच्याखाली पांढरी शुभ्र रिकामी कपाटं, साधारण वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. दुपारी गेलात तर काचेत ढग आणि स्वतःचा चेहरा एवढंच दिसतं, आणि लोक 'काय आहे इथे?' म्हणत निघून जातात. अंधार पडू लागला की आतला दिवा वर येतो. तेव्हा चौकात ती एकच चौकोनी उजेडाची जागा असते आणि शोधावी लागत नाही. दिवसाच जाणं झालं तर गुडघ्यावर बसा आणि दोन्ही हातांनी आडोसा करून बघा.

रस्त्यापलीकडे 'नोये वाखे' आहे, शिंकेल यांनी बांधलेली जुनी पहाऱ्याची चौकी. पण ती संध्याकाळी बंद होते, म्हणून बेबेलप्लाट्झच्या आधी करा. आत एकच शिल्प: पहिल्या महायुद्धात मुलगा गमावलेल्या शिल्पकार केथे कोलविट्झ यांनी घडवलेली, मेलेल्या मुलाला मांडीत घेतलेली आई. तिच्या बरोबर वर छताला उघडं भोक आहे. पाऊस आणि बर्फ थेट तिच्या अंगावर पडतात.

दुसरा दिवस: टोपोग्राफी आणि भिंत

'टोपोग्राफी ऑफ टेरर' गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलिस) आणि एसएस (नाझी पक्षाचं निमलष्करी दल) यांच्या मुख्यालयांच्या जागेवर आहे, नीडरकिर्शनरश्ट्रासे ८. प्रवेश फुकट. मजकूर जर्मन आणि इंग्रजीत, भरपूर. सगळं वाचायला गेलात तर दिवस संपेल. दीड-दोन तास धरा आणि छायाचित्रांखालच्या ओळी वाचा: गुन्हेगार ऑफिसात, सहलीत, वाढदिवसाला कसे दिसत होते ते इथे कळतं. हे केंद्र आणि कालचं माहितीकेंद्र एकाच दिवशी करू नये, दुसऱ्या जागी मन बधिर होतं. बाहेर जुन्या तळघरांच्या भिंतींशेजारून खंदकातून चालता येतं आणि वर बर्लिन भिंतीचा सुमारे २०० मीटरचा तुकडा आहे. १९८९-९० मध्ये आठवण म्हणून लोकांनी हातोड्या-छिन्नीने टवके काढले, त्यामुळे त्यात आरपार भोकं आहेत आणि आतल्या सळ्या दिसतात.

इथून दहा मिनिटांवर चेकपॉइंट चार्ली, पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधलं जुनं सरहद्दीचं नाकं. अपेक्षा कमी ठेवा. मधली पांढरी चौकी नक्कल आहे. कोपऱ्यांवरचे बाहेरचे माहितीफलक वाचा आणि पुढे निघा. आसपास कोणी वाटीखालची गोटी ओळखायला सांगत असेल तर थांबू नका, जिंकणारे सगळे त्यांचेच असतात.

भिंत समजून घ्यायची तर बर्नाउअर श्ट्रासे. इतर कुठे वेळ कमी पडला तरी इथे तीन तास द्या. एस-बानने नॉर्डबानहोफला उतरा, आणि घाईने बाहेर पडू नका. स्टेशनातच 'भुतांच्या स्टेशनां'चं प्रदर्शन आहे. पश्चिम बर्लिनच्या काही गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात. तिथली स्टेशनं बंद, अंधारी आणि पहाऱ्यात होती, गाड्या न थांबता हळूहळू निघून जायच्या. ती यादी वाचून वर आलात की रस्त्याचा अर्थ लागायला लागतो.

या रस्त्यावर सरहद्द घरांच्या दर्शनी भिंतीवरून जात होती. घर पूर्वेत, समोरचा फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ रोजी सरहद्द बंद झाल्यावर लोकांनी खिडक्यांतून फुटपाथवर उड्या घेतल्या, मग खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. नकाशात हे कळत नाही. तिथे जमिनीतल्या धातूच्या खुणांनी घरांच्या भिंती आखल्या आहेत, त्यांवर उभं राहिलं की कळतं.

क्रम असा ठेवा: आधी दस्तऐवज केंद्राच्या मनोऱ्यावर चढा. समोर खाली भिंतीचा एकमेव पूर्ण खोलीचा तुकडा दिसतो: पुढची भिंत, मधली मोकळी पट्टी, टेहळणी मनोरा, मागची भिंत. 'भिंत' एक नव्हती, दोन होत्या आणि मधल्या पट्टीत माणसं मारली जात, हे इथून एका नजरेत समजतं. मग खाली उतरून रस्त्याने ईशान्येकडे चाला. भिंत जिथे नाही तिथे गंजलेल्या लोखंडी सळ्या उभ्या आहेत. एका बाजूने त्यांतून पलीकडचं दिसतं आणि तिरकं पाहिलं की सलग भिंत होते. भिंतीपाशी मारल्या गेलेल्यांच्या फोटोंची चौकट लागेल. संपूर्ण भिंतीवर किमान १४० माणसं मेली, त्यांत लहान मुलंही आहेत. पुढे दाबून घट्ट केलेल्या मातीचं गोल प्रार्थनामंदिर. इथलं जुनं चर्च सरहद्दीच्या पट्टीत अडकलं होतं, ते १९८५ साली सुरुंगाने पाडलं. त्याचेच तुकडे नव्या भिंतीच्या मातीत मिसळले आहेत, जवळ जाऊन पाहिलं तर विटांचे आणि काचेचे कण दिसतात. सगळं अंतर सुमारे १.४ किलोमीटर, वाटेत यू-एटचं स्टेशन आणि एम-टेन ट्राम मिळते.

एम-टेन थेट वार्शाउअर श्ट्रासेला नेते. तिथून ईस्ट साइड गॅलरी: भिंतीचा सुमारे १.३ किलोमीटरचा रंगवलेला तुकडा. चित्रं १९९० सालची आहेत, म्हणजे भिंत पडल्यानंतरची. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह आणि पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांच्या चुंबनाच्या चित्रासमोर कायम घोळका असतो, सकाळी नऊच्या आत गेलात तरच रिकामं सापडेल. ९ नोव्हेंबरला, भिंत पडली त्या दिवशी, या सगळ्या भागात समारंभांची गर्दी असते.

तिसरा दिवस: सतरा नंबरचा फलाट

एस-सेव्हनने ग्रूनेवाल्डला उतरा. भुयारी वाटेत 'ग्लाइस १७' अशी पाटी दिसेल, तिच्यामागे जाऊन वर चढा. इथून बर्लिनच्या ज्यूंना गाड्यांत भरून पाठवलं गेलं. फलाटाच्या दोन्ही कडांना १८६ पोलादी पट्ट्या आहेत. एक पट्टी म्हणजे एक गाडी: तारीख, किती माणसं, कुठून, कुठे. पहिली १८ ऑक्टोबर १९४१ची, पोलंडमधल्या लोड्झला गेलेली. एका टोकापासून चालत तारखा वाचत जा. सुरुवातीला हजार-हजारचे आकडे, पुढे शंभर, पन्नास, वीस, कारण पाठवायला माणसंच उरत नव्हती. रुळांवर झाडं उगवली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत: या फलाटावरून पुन्हा गाडी सुटणार नाही. पट्ट्यांवर कोणी खडे ठेवलेले दिसतील. थडग्यावर खडा ठेवणं ही ज्यू रीत आहे. ते हलवू नका.

त्याच एस-सेव्हनने पुढे वानझेला जा, अजून बी झोनमध्येच आहे. स्टेशनाबाहेरून ११४ नंबरची बस थेट वानझे परिषदेच्या बंगल्यापाशी सोडते. २० जानेवारी १९४२ रोजी इथे पंधरा अधिकारी साधारण दीड तास बसले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची सरकारी कामाची वाटणी केली. बंगला सुंदर आहे, मागे बाग आणि तलाव. बसचं परतीचं वेळापत्रक उतरतानाच पाहून ठेवा.

संध्याकाळी वेळ असेल तर ट्रेप्टॉवर पार्क. सोव्हिएत सैनिकांचं हे स्मारक १९४९ सालचं, इथे सात हजारांहून जास्त सैनिक पुरलेले आहेत. आधी म्हटलेल्या सगळ्या जागांच्या बरोबर उलट: भव्य, सरळ रेषेतलं, मान वर करायला लावणारं. ८ आणि ९ मे रोजी, म्हणजे युरोपातलं दुसरं महायुद्ध संपल्याच्या स्मृतिदिनी, कडक पोलिस बंदोबस्त असतो.

चौथा दिवस: झाक्सनहाउझन

एस-वनने शेवटचं स्टेशन ओरानिएनबुर्ग. एबीसी तिकीट, हे पुन्हा सांगायला हवं. स्टेशनपासून छावणी सुमारे दोन किलोमीटर, चालत वीस-पंचवीस मिनिटं. ८०४ नंबरची बस आहे पण तिच्या फेऱ्या कमी. छावणी १९३६ साली उभारली आणि १९४५पर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं इथे डांबली गेली. प्रवेश फुकट, श्राव्य मार्गदर्शकाला थोडे पैसे पडतात, घ्या, कारण आवार प्रचंड आहे आणि बराकी बहुतेक उरलेल्या नाहीत. मोकळ्या मैदानावर सावली नाही आणि हिवाळ्यात वारा सोसवत नाही. खाण्याची सोय तुटपुंजी आहे, डबा बरोबर ठेवा, पण तो आवाराबाहेर खा. तीन-चार तास लागतात. संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

चालता चालता: पितळेचे दगड

एवढ्या दिवसांत पायाखाली पितळी चौकोन चमकलेले दिसले असतील. ते 'श्टोल्परश्टाइन', ठेच लागायचे दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने सुरू केलेलं हे काम. प्रत्येक दगड १० सेंटिमीटर लांब-रुंद, माणूस जिथे स्वतःच्या मर्जीने शेवटचा राहत होता त्या घरासमोर बसवलेला. एकट्या बर्लिनमध्ये ते दहा हजारांहून जास्त आहेत. जर्मन येत नसली तरी सात-आठ शब्दांत ते वाचता येतात. वरची ओळ 'हिअर वोन्टे', म्हणजे इथे राहत होते. खाली नाव. 'यारगांग' किंवा त्याचं 'जे-जी' हे संक्षिप्त रूप म्हणजे जन्मसाल. 'फरहाफ्टेट', अटक. 'डेपोर्टिअर्ट', गाडीत भरून पाठवलं, पुढे तारीख आणि ठिकाण. 'एरमोर्डेट', खून झाला. 'फ्लुख्ट इन डेन टोड' म्हणजे शब्दशः मृत्यूत पळून गेले, आत्महत्या. क्वचित 'यूबरलेब्ट' दिसतं, म्हणजे वाचले. चार-पाच दगड शेजारी असतील तर जन्मसालं बघा, आजोबा ते नातू असं घर उभं राहतं.

दगडावर पाय पडला तर आपल्याला चुकल्यासारखं होतं. तिथे तो अपमान मानत नाहीत, पावलांनी पितळ उजळतं. तरीही बरेच जण वळसा घालतात, तुम्हीही घाला. २७ जानेवारी (होलोकॉस्ट स्मृतिदिन) आणि ९ नोव्हेंबरच्या (१९३८ साली ज्यूंवर हल्ले झाले ती रात्र) आसपास रहिवासी ते घासून पुसतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. मेणबत्ती ओलांडू नका.

मराठी वाचकांसाठी एक जास्तीचा थांबा

यू-थ्रीने 'फ्राये उनिव्हर्सिटेट' स्टेशनवर उतरा आणि इहनेश्ट्रासे २२ शोधा. आज तिथे विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ साली मानववंशशास्त्र आणि युजेनिक्सच्या (माणसांची 'चांगली' पैदास घडवू पाहणारं तथाकथित शास्त्र) कैसर विल्हेल्म संस्थेसाठी ही इमारत बांधली. नाझी काळात इथून वंशशुद्धीच्या धोरणाला शास्त्राचा शिक्का मिळाला आणि आउशवित्झच्या मृत्युछावणीतून तिथला एसएस डॉक्टर मेंगेले याने पाठवलेले मानवी अवयवांचे नमुने इथे येत. १९८८ साली लावलेला फलक ते सांगतो. त्या सगळ्याच्या आधी, संस्था नवीन असताना, इरावती कर्वे यांनी इथेच ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम केलं. कवट्यांची मोजमापं घेऊन त्यांनी निष्कर्ष काढला की कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल आणि वंश यांचा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाला हवं होतं त्याच्या हे विरुद्ध होतं.

इमारत विद्यापीठाची आहे, म्हणून कामाच्या दिवशी जा, फलक बाहेरूनही वाचता येतो. पंधरा मिनिटांचं काम. तिथून यू-थ्रीने एकच स्टेशन पुढे, ओस्कार-हेलेने-हाइमला उतरलात की क्लेआले या रस्त्यावर अलाइड म्युझियम (बर्लिनमधल्या पाश्चात्त्य दोस्त राष्ट्रांचं संग्रहालय) आहे. चेकपॉइंट चार्लीची खरी चौकी तिथे ठेवली आहे, फुकट पाहता येते, भोवती गर्दी नसते. सोमवारी बंद.